गल्लीचा नंबर

शमीम गेली हे मला सगळ्यांत शेवटी कळलं. गल्लीला सकाळी साडेनऊला कळलं, पुण्यात नोकरीला असलेल्या माझ्या लेकीला दहाच्या आत कळलं. माझं दार शमीमच्या दारासमोर, मध्ये फक्त एक बैलगाडी जाईल एवढा रस्ता, आणि मला कळलं दुपारी चार वाजता. वाशिमहून एसटीनं आले, मंगरूळपीरच्या स्टँडवर उतरले, पेन्शनच्या कागदांची पिशवी काखेत धरून गल्लीत वळले, तर तिच्या घरापुढं प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजनंतर माती देऊन माणसं परत आली होती. तिची सून रुबीना दारातच होती, मला पाहून रडत म्हणाली, "बाई, तुमाले किती फोन लावले..."

माझा फोन घरी होता. शोकेसमध्ये, बुद्धाच्या मूर्तीशेजारी, क्रोशाच्या रुमालाखाली. स्टँडवर खिसेकापू असतात म्हणून बाहेरगावी जाताना मी तो नेत नाही. कुलूप काढून आत गेले, रुमाल उचलला, तर प्रज्ञाचे, म्हणजे माझ्या लेकीचे, अकरा मिस कॉल आणि त्याच्या वर सहा मिस कॉल शमीमचे. ती गेल्यानंतर रुबीनानं सासूच्याच फोनवरून लावलेले ते... पण पडद्यावर नाव शमीमचंच होतं. आणि त्या वेळी माझ्या मनात पहिली गोष्ट काय आली ते खरं खरं सांगते, कारण ते लपवून हा लेख लिहायचा तर न लिहिलेला बरा. मला रडू आलं नाही. मला वाटलं, बघा, हेही प्रज्ञाला माझ्याआधी कळलं. गेल्यावरसुद्धा या बाईनं माझ्या लेकीला आधी निरोप पाठवला. हार्टचा झटका येऊन बिचारी मशीनवर बसल्या बसल्या गेली होती, आणि मी शोकेससमोर उभी राहून जळत होते.

आमची ओळख बत्तीस वर्षांची. मी आसेगावच्या शाळेत मास्तरीण, रोज एसटीनं जाणं-येणं. प्रज्ञा दुसरीत असताना तिचे वडील वारले. घरात आम्ही दोघीच. शाळा सुटली की पोट्टी कुठं जाणार? समोर शमीमच्या घरी. शमीम बायकांचे ब्लाउज, पोरींचे सलवार-कुर्ते शिवायची. तिची मशीन रस्त्याकडच्या खिडकीला लावलेली, त्यामुळे गल्लीत कोण आलं, कोण गेलं, कोणाच्या हातात पिशवी आहे, सगळं तिला बसल्या जागी दिसायचं. नवरा रहीमभाई, स्टँडजवळ कुलूप-किल्ल्यांची टपरी, तोंडातून दिवसाला चार शब्द. पण शमीमकडे बाया सारख्या. मी संध्याकाळी सहाला घरी यायची तेव्हा प्रज्ञाच्या दोन वेण्या नव्यानं घातलेल्या असायच्या, गृहपाठाची वही बंद, पोट भरलेलं. शमीमला ती खाला, म्हणजे मावशी म्हणायची. मी विचारायची, जेवली का? तर म्हणायची, खालाकडे जेवली. रोज हेच. मी दमून, धूळ खाऊन, तिच्यासाठी शिऱ्याचा रवा घेऊन आलेली असायची आणि लेकीचं पोट दुसरीच्या हातून भरलेलं. तिच्याशिवाय माझं चालणार नव्हतं हे मला पक्कं माहीत होतं, आणि म्हणूनच तिचा राग यायचा. ज्याचे उपकार घ्यावे लागतात त्याच्यावर माणूस असाच चिडतो.

फोनच्या बाबतीत मी पुढं होते. गल्लीत पहिला मोबाइल माझा, आणि पुढं पहिला टच फोनही माझाच. प्रज्ञानं पहिल्या पगारातून पाठवला होता. मी त्याला निळं कव्हर घातलं, वर काचेचा कागद लावून घेतला, आणि तो शोकेसमध्ये ठेवला. तुम्ही हसाल. पण मी त्या पिढीची, जिनं चौकातल्या एसटीडीच्या काचेच्या खोलीत उभं राहून, लाल आकडे पळताना पाहत, अकोल्याच्या भावाला महिन्यातून एकदा फोन केला. त्या खोलीत मी एक शिस्त शिकले. आधी महत्त्वाचं बोलायचं, मग तब्येत विचारायची, मग "ठेवते". रडायचं असेल तर बाहेर येऊन. ती शिस्त हाडात मुरली. फोन ही माझ्या लेखी जपून वापरायची गोष्ट. माझा नंबर चार जणांकडे होता, आणि त्यातल्या दोघांना मी तो दिल्याचा पश्चात्ताप होता.

शमीमकडे माझ्या पहिल्या मोबाइलनंतर तीन वर्षांनी फोन आला, तोही मोठ्या पोरानं वापरून टाकलेला. काच तडकलेली, मागं रबर बँड. तिनं त्याच्यासाठी उरलेल्या कापडाची छोटी पिशवी शिवली आणि गळ्यात अडकवली. कणीक मळताना, कपडे वाळत घालताना, गॅसच्या रांगेत, फोन गळ्यात. शिवणाच्या खडूची पांढरी भुकटी त्याच्या भोकाभोकांत गेलेली. मी एकदा तिला सांगितलं की शमीम, अशानं तो खराब होईल. ती म्हणाली, "होऊ द्या ना बाई. झाला तं झाला. बोलासाठीच तं हाये तो." आणि त्या तुटक्या फोनवर दुसऱ्या रिंगला "हां बोल" यायचं कधी चुकलं नाही.

मग सगळीकडे नंबर मागायला लागले. रेशन कार्डाला नंबर, गॅसला नंबर, बँकेला नंबर, पोरांच्या शाळेला नंबर, आधारला नंबर. आमच्या गल्लीत तेव्हा बायकांकडे फोन नव्हते. असले तरी नवऱ्याच्या खिशात. बाईमाणसाला फोन कशाला, कोणाशी बोलायचं आहे तिला, असं आमच्या गल्लीतले पुरुष चौकात बसून स्वतःचा फोन बोटानं सरकवत म्हणायचे. आणि नवऱ्याचा नंबर द्यावा तर तो दिवसभर वावरात किंवा कामावर, मेसेज आला तरी घरी येईपर्यंत त्याचा काळ संपलेला. म्हणून सुनीतानं गॅससाठी शमीमचा नंबर दिला. मग वंदनानं बँकेसाठी. मग एकेक करता करता गल्लीतल्या बारा-चौदा घरांचा नंबर एकच झाला. शमीमचा. फोन खणकला की ती मशीनचा पाय न थांबवता मेसेज वाचायची आणि कापडावर खुणा करायच्या खडूनं खिडकीशेजारच्या भिंतीवर आकडे लिहायची, पुढं "सुनीता गॅस" असं मोडक्या अक्षरात. सुनीता यायची, भिंत वाचायची, जायची. संध्याकाळी शमीम ओल्या फडक्यानं भिंत पुसून टाकायची. बँकेचा ओटीपी खुशाल भिंतीवर! मी शिकलेली बाई, मी तिला बजावलं की हे कोणाला सांगायचं नसतं, लोकांची खाती रिकामी होतात. ती म्हणाली, "भिंत माह्या घरातली हाये, बाई. आन् येनारी मानसंबी घरचीच हायेत."

मला हे सगळं बोचायचं. का बोचू नये? अर्ज कोण लिहून द्यायचं सगळ्यांना? मी. इंग्रजी मेसेज कोणाला वाचता यायचा? मला. मग नंबर तिचा का? मी रिटायर झाल्यावर एकदा वंदना माझ्याकडे आली होती, पोराच्या शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी, शमीम तेव्हा माहेरी गेली होती म्हणून. म्हणाली, मॅडम, तुमचा नंबर टाकू का? मी म्हटलं, टाक, पण सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर येऊन विचारत जा, मधे मी झोपते, आणि चपला बाहेर काढून ये. वंदना बरं म्हणाली. आणि दोन दिवस थांबून शमीम आल्यावर तिचाच नंबर टाकून आली. मी आठ दिवस त्या पोरीशी नीट बोलले नाही. आपण नाही म्हणायचं नसतं, पण असं हो म्हणायचं की समोरचा परत येऊ नये, हे मला बरोबर जमतं.

पण गल्लीचं एक वेळ जाऊ द्या. माझ्या पोटात खरं दुखायचं ते प्रज्ञावरून. ती नर्सिंगला नागपूरला गेली, होस्टेलला राहिली, मग पुण्याच्या दवाखान्यात लागली, तिथंच संदीपशी लग्न झालं. या सगळ्या वर्षांत तिचा मला आठवड्यातून दोनदा फोन. मी रुमाल काढायची, कोरड्या हातानं फोन उचलायची, उभ्यानंच बोलायची. जेवली का, ड्यूटी कशी, पैशाची अडचण नाही ना, ठेवते. दोन मिनिटं, फार तर तीन. आणि पाच वाजले की समोरच्या खिडकीत शमीम मशीनच्या फळीवर फोन उभा करून ठेवायची, दोऱ्याच्या रिळाला टेकवून, आणि तो चालू. रिटायर होऊन घरी बसल्यापासून मला माझ्या ओसरीवरून सगळं दिसायचं. मी भिंतीवरच्या घड्याळात वेळ पाहायची. पाचला सुरू, सव्वासहाला बंद. एके दिवशी दीड तास! काय बोलत असतील या दोघी दीड तास? माझ्याबद्दलच बोलत असणार. दुसरं काय असतं पोरींना सांगायला? मी तांदूळ निवडायला ओसरीवर बसायची आणि एकच सूप तीनदा निवडायची.

एकदा मला राहवलं नाही. ब्लाउजचा कपडा घेऊन, मापाचं निमित्त करून मी नेमकी सव्वापाचला तिच्याकडे गेले. आत पाय ठेवला तशी शमीम फोनकडे वाकून म्हणाली, "बाई आल्या." आणि फोनमधून माझ्या पोटच्या पोरीचा आवाज आला, "हो का? बरं खाला, ठेवते मंग." आणि फोन बंद झाला. मी आल्यामुळे बंद झाला! मी मापं न देताच परत आले. शमीम मागून बाई, बाई करत राहिली. त्या रविवारी मी प्रज्ञाला विचारलं, तिच्याशी तासतास काय बोलते गं? ती म्हणाली, काही नाही. मला वाटलं, खोटं बोलते. आईशी खोटं बोलायला शिकली ती, आणि कोणाच्या शिकवणीनं ते मला माहीत आहे. संशय असा असतो, त्याला कोणी खाऊ घालावं लागत नाही.

गेल्या हिवाळ्याच्या शेवटी प्रज्ञाचं अपेंडिक्सचं एकाएकी ऑपरेशन करावं लागलं. सकाळची अकराची वेळ. मी मागच्या दारी गोधड्या धूत होते, नळ चालू, फोन शोकेसमध्ये. जावयानं दोनदा मला लावला, मी उचलला नाही. मग त्यानं शमीमला लावला. त्याच्याकडे तिचा नंबर कसा? तर प्रज्ञानं दवाखान्यात नोकरीचा फॉर्म भरताना, काही झालं तर घरी कोणाला कळवायचं, त्या रकान्यात शमीमचा नंबर लिहिला होता. आईचा नाही. हे मला त्या क्षणी जावयाच्या तोंडूनच कळलं. शमीम अनवाणी धावत आली होती, गळ्यातली पिशवी हेलकावे खात, सुईतला दोरा बाहीला चिकटलेला. फोन माझ्या ओल्या हातात कोंबून म्हणाली, "बाई, पोट्टी दवाखान्यात हाये, घाबरू नका, बोला." मी बोलले. ऑपरेशन नीट झालं होतं, काळजीचं कारण नव्हतं. आणि संदीपनं साधेपणानं सांगितलं की आई, तुमचा लागला नाही म्हणून फॉर्मवरचा नंबर लावला.

फोन बंद करून मी तो शमीमला परत दिला. तिच्या डोळ्यात पाणी होतं, ती माझ्या पाठीवर हात ठेवायला आली. मी मागं सरले आणि म्हणाले, "माह्या पोरीचं मले दुसऱ्याकडून समजाचं का आता? शमीम, ते माही लेक हाये. तुही नाही. तिचा फोन आला तं उचलत नको जाऊ." मी हे अंगणात म्हटलं, मोठ्यानं. सुनीता नळावर होती, तिनं ऐकलं. शमीमनं फोन पिशवीत घातला, पिशवीचं तोंड ओढलं आणि गेली.

आणि तिनं माझं ऐकलं. हेच तर... तिनं ऐकायला नको होतं. भांडायला हवं होतं, वर्षानुवर्षांचं काढून दाखवायला हवं होतं की तुमी शाळेत जायच्या तवा कोन सांभाळली. पण ती भांडली नाही. दुसऱ्या आठवड्यात प्रज्ञा दवाखान्यातून पुण्याच्या घरी गेली आणि पाच वाजता समोरच्या खिडकीत फोन वाजला. मी ओसरीवर होते. शमीमनं पाहिलं, फोन फळीवर ठेवला आणि मशीन जोरात चालवायला लागली. फोन वाजून वाजून गप्प झाला. तिसऱ्या दिवशीही तेच. मी जिंकले होते. मी आत गेले, रुमाल बाजूला केला, फोनची घंटी मोठी केली आणि स्वयंपाकघरातून ऐकू यावा म्हणून तो पहिल्यांदा शोकेसबाहेर काढून डब्यांच्या फळीवर ठेवला. आता पाच वाजता माझा वाजेल. पाच वाजले, सहा वाजले. तो वाजला नाही. तो नेहमीसारखा रविवारी आणि गुरुवारी वाजला, दोन मिनिटं, फार तर तीन. एकदा प्रज्ञानं विचारलं, "खाला फोन काहून नाही उचलत?" मी म्हटलं, कामात असेल, लग्नसराई आहे. लग्नसराई नव्हती.

असे दोन महिने गेले. आमचं बोलणं तुटलं नाही, पण मीठ कमी पडलेल्या भाजीसारखं झालं. ईदला तिनं शीरखुर्मा पाठवला, रुबीनाच्या हातून, स्वतः आली नाही. मी वाटी धुऊन, रिकामी द्यायची नाही म्हणून मूठभर तीळ घालून परत केली, तीही रुबीनाच्याच हातात. मनात रोज यायचं की जावं, म्हणावं, शमीम, उचलत जा गं तिचा फोन. रोज पाच वाजता यायचं. पण आपल्या तोंडानं हरायचं कसं? उद्या जाऊ, परवा जाऊ... आणि त्या बुधवारी मी वाशिमला गेले.

शमीमच्या चाळिसाव्या दिवशी प्रज्ञा आली. आधी समोर गेली, मग घरी. मी तिला ताट वाढलं, तिनं हात लावला नाही. मी ठरवलं होतं की आज सांगून टाकायचं. ती मला टाकून देईल तर देऊ दे. सगळं सांगितलं, अंगणातलं, नळावरचं, लग्नसराईचं खोटंही. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मले माहीत हाये. तू लग्नसराई सांगतली त्याच राती खालाचा मेसेज आला होता." आणि तिनं स्वतःचा फोन काढला, त्यातले मेसेज बरेच मागं सरकवले आणि एक आवाजी मेसेज लावला.

शमीमचा आवाज. मागं मशीन नाही, म्हणजे मुद्दाम उठून, बाजूला जाऊन बोललेली. "प्रज्ञा बेटा, आता मले फोन नको करू. मी नाही उचलनार. तुह्या आईले कर. बाई रोज ओसरीवर बसून घड्याळ पाह्यतात, मले खिडकीतून दिसते. लय वर्सं झाले, मले दिसते. तिले कर माय."

तिला दिसत होतं! मी चोरून पाहते असं मला वाटत होतं, आणि ती बाई इतकी वर्षं मला घड्याळ पाहताना पाहत होती. कधी बोलली नाही, कधी टोमणा मारला नाही, खिडकीला पडदाही लावला नाही. मला वाटलं, जमीन फाटावी. प्रज्ञानं परत लावू का म्हणून विचारलं, मी नको म्हटलं.

मग मी विचारलं. जे इतकी वर्षं विचारायचं होतं ते. काय बोलायच्या तुम्ही दोघी? प्रज्ञा म्हणाली, "आई, खरंच काही नाही बोलत होतो. फोन चालू ठेवून देत होतो." लहानपणी शाळेतून आल्यावर ती त्या मशीनखाली चिंध्यांच्या ढिगावर झोपायची. वर मशीन चालू, गल्लीतल्या बाया येतात, मापं देतात, भांडतात, भावात घासाघीस करतात, आणि तिला झोप लागते. होस्टेलला पहिल्या महिन्यात तिला झोपच येईना, करमेना. तेव्हा तिनं शमीमला फोन केला आणि म्हणाली, खाला, काही बोलू नको, नुसता चालू ठेव. तेव्हापासून ते चाललं. ही तिकडे अभ्यास करायची, पुढं स्वयंपाक करायची, ती इकडे शिवायची. मधेच शमीम म्हणायची, बॉबिन संपली. मधेच ही म्हणायची, पोळी करपली. बस. दीड दीड तास.

"मंग मले काहून नाही केला असा?" मी विचारलं. माझा आवाज मलाच शाळेतला वाटला.

"तुले केला तं तू विचारते, आई. जेवली का, काय झालं, काहून झालं. सगळ्याचं उत्तर द्या लागते." ती माझ्याकडे पाहून नाही, ताटाकडे पाहून बोलत होती. "खाला काही विचारत नोती."

मला राग आला. हो, तेव्हाही. आईनं विचारायचं नाही तर कोणी? काळजी करायची तर विचारावंच लागतं. न विचारता फोन चालू ठेवणं शमीमला परवडत होतं, कारण तिची ती लेक नव्हती! हे मी बोलले नाही, गिळलं. नव्यानंच शिकत होते. प्रज्ञा दुसऱ्या दिवशी पुण्याला गेली. समोरचा नंबर रुबीनाकडे चालू आहे, गल्लीचे आकडे अजून त्याच भिंतीवर येतात, रुबीना खडूऐवजी पेनानं लिहिते म्हणून पुसले जात नाहीत एवढंच.

गेल्या मंगळवारी प्रज्ञाची सुट्टी होती. दुपारी फोन आला. जेवली का, ड्यूटी कशी, संदीप बरा आहे ना... आणि माझे प्रश्न संपले. "ठेवते" तोंडाशी आलं होतं. मी म्हटलं, "राहू दे चालू. मले भांडे घासाचे हायेत." पलीकडून ती बरं म्हणाली. मी फोन ओट्यावर साखरेच्या डब्याला टेकवला. पाच मिनिटं अशी गेली की मला श्वाससुद्धा मोठ्यानं घ्यायची भीती. तिकडून तिचा आवाज आला, "आई, तू आइकून राह्यली. तू भांडे घास." पकडले गेले. मग मी नळ सोडला. कढई घासली, तवा घासला, चहाचं भांडं करपलं होतं त्याला राख लावली. तिकडे ती कपड्यांच्या घड्या घालत असावी, कपाटाचं दार करकरत होतं. मी एकदा म्हटलं, हा कुकरचा रबर गेला वाटते. ती हं म्हणाली. त्यानंतर मी काय केलं ते आठवत नाही. धान्याचे डबे पुसले, कोथिंबीर निवडली, आणि खरं सांगते, फोन चालू आहे हे मी विसरून गेले.

हात पुसून पाहिलं तर पडद्यावर एक तास नऊ मिनिटं झाली होती आणि आकडे पुढं चाललेच होते. माझ्या फोनवर. माझ्या लेकीचे. मी तो तसाच चालू उचलला, ओल्या पायानं ओसरी ओलांडली आणि पायऱ्या उतरून रस्त्यावर आले. शमीमला दाखवायचं होतं. तिच्या नाकासमोर धरायचं होतं, हे पाह्य, एक तास नऊ मिनिटं. दुसरं कोणाला जळवणार होते मी? दुसऱ्या कोणाला त्याचं मोल कळणार होतं? अर्ध्या रस्त्यात गेले तेव्हा खिडकीत रुबीना बसलेली दिसली, मान खाली घालून काजं करत.

फोनमधून प्रज्ञा म्हणाली, "आई, कुठी चालली?"

"कुठीच नाही," मी म्हटलं, आणि भर उन्हात तिथंच उभी राहिले.